खिडकीचा मथळा आणि मराठी अक्षर : बहुप्रणाली खिडकी-व्यवस्थापनाच्या लायब्ररींचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावर जी चौकट उघडते तिला 'खिडकी' म्हणण्याचा प्रघात आता सार्वत्रिक झाला आहे. या चौकटीच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते व तीवर उघडलेल्या दस्तऐवजाचे नाव लिहिलेले असते. ही पट्टी कोण आखतो, तीवरील अक्षरे कोण उमटवतो, खिडकी पडद्यावर कोठे मांडावयाची हे कोण ठरवतो, या प्रश्नांकडे वापरणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. तथापि गेल्या चाळीस वर्षांतील संगणकविद्येच्या इतिहासात या प्रश्नांना मोठे स्थान आहे. प्रत्येक कार्यप्रणालीने त्यांची उत्तरे निराळी दिली. त्या निरनिराळ्या उत्तरांवर एकच आज्ञावली चालावी म्हणून काही लायब्ररी रचल्या गेल्या. आणि या लायब्ररींच्या जडणघडणीतच मराठीसारख्या भाषांचे पडद्यावरील भवितव्य ठरत गेले.

लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. अनेक आज्ञावलींना लागणारे एकच काम एकदाच नीट लिहून ठेवावयाचे व प्रत्येकीने ते तेथून घ्यावयाचे, अशा सामायिक आज्ञांच्या संचास लायब्ररी म्हणतात. बहुप्रणाली लायब्ररीचे काम त्याहून अवघड असते. तिने वरच्या बाजूस आज्ञावलीला एकच भाषा द्यावयाची आणि खालच्या बाजूस प्रत्येक कार्यप्रणालीशी तिच्या तिच्या भाषेत बोलावयाचे.

कल्याणच्या वाचकास या दुहेरी कामाचे एक परिचित उदाहरण देता येईल. मुंबई विभागातील लोहमार्गांवर १९२५ पासून १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. देशातील इतर मार्गांवर पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. इगतपुरीस दोन्ही प्रवाहांची सीमा येई आणि तेथे इंजिन बदलावे लागे. ही अडचण टाळण्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ जातीची इंजिने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधली गेली व ती कल्याणच्या विद्युत-इंजिन शेडमध्ये ठेवण्यात आली. डब्यांतील प्रवाशास बदल जाणवू नये म्हणून इंजिनाने दोन्ही व्यवस्थांची सामग्री आपल्या अंगावर वाहावयाची, हे त्यांचे तत्त्व. एकदिश प्रवाहावर त्यांची शक्ती काहीशी कमी पडे. म्हणजे दोहोंचा मेळ घालण्याची किंमतही त्यांत होतीच. बहुप्रणाली लायब्ररीचे तत्त्व आणि तिची किंमत याच जातीची आहे. फरक असा, की २०१६ पर्यंत मुंबई विभागातील मार्ग प्रत्यावर्ती प्रवाहाचे झाले आणि दुहेरी इंजिनाचे प्रयोजन संपले. पडद्यावरील खिडक्यांच्या बाबतीत अशी एकरूपता आजवर आलेली नाही.

कल्याणशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आलेल्या कल्याण महापालिकेने, म्हणजे आजच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने, २००० च्या आसपास आपल्या कारभाराचे संगणकीकरण हाती घेतले आणि नागरी सुविधा केंद्राचा तिचा प्रयोग पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांपुढे नमुना म्हणून ठेवला गेला. जन्ममृत्यूच्या नोंदी, मालमत्ता कर, पाणीपट्टी ही कामे मराठीत चालतात. ज्या यंत्राच्या पडद्यावर मराठी नाव अचूक उमटत नाही, ते यंत्र अशा कचेरीत अपुरे ठरते. प्रस्तुत निबंधातील प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही.

या निबंधात मांडावयाचा सिद्धान्त थोडक्यात असा : देवनागरीचा प्रश्न यंत्राच्या पट्टीत, टंकात किंवा खिडकीप्रणालीत शेवटास गेला नाही, तो सामायिक लायब्ररीत गेला. आणि लायब्ररी ही कोणा एका संस्थेची मालमत्ता नसल्यामुळे तिच्या प्रत्येक पुनर्रचनेत तो पुन्हा उभा राहू शकतो.

२. खिडकी आणि तिची सत्ता

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्यावरील स्मॉलटॉक प्रणालीत एकीवर एक येणाऱ्या खिडक्या प्रथम दिसू लागल्या. १९८१ मध्ये त्याच कंपनीने 'स्टार' हे यंत्र विक्रीस आणले, जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची पहिली आवृत्ती निघाली. या पहिल्या आवृत्तीत आज्ञावलींच्या खिडक्या एकमेकींवर येत नसत, फरशांप्रमाणे शेजारी शेजारी बसत. एकीवर एक येणाऱ्या खिडक्या १९८७ अखेरच्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. या सर्व व्यवस्थांत एक समान सूत्र होते. खिडकी काढणारी, तिची चौकट सजवणारी आणि ती हलवू देणारी सत्ता एकाच कंपनीच्या हाती होती. पट्टी कशी दिसावी याचा निर्णय आणि ती काढण्याची यंत्रणा यांत भेद नव्हता.

हा भेद मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जाणीवपूर्वक करण्यात आला. तेथील 'अथेना' प्रकल्पात डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांची निरनिराळी यंत्रे एकत्र आली होती. त्या सर्वांवर चालेल अशी खिडकीप्रणाली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये सुरू केली. स्टॅनफर्ड येथे पॉल असेंटे व ब्रायन रीड यांनी रचलेल्या 'डब्ल्यू' प्रणालीच्या पुढचे अक्षर म्हणून तिचे नाव 'एक्स' पडले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिचा मूळ संकेत पुढे कित्येक दशके टिकला.

एक्सच्या कर्त्यांनी स्वीकारलेले सूत्र असे, की प्रणालीने साधने पुरवावीत, धोरण ठरवू नये. सर्व्हर फक्त चौकोन काढील, ओळी ओढील, कळ दाबल्याची वार्ता पोहोचवील. खिडकीला पट्टी असावी की नाही, ती कोठे मांडावी, कोणती पुढे आणावी हे ठरवण्याचे काम 'खिडकी-व्यवस्थापक' नावाच्या स्वतंत्र आज्ञावलीकडे दिले गेले. ती वापरणाऱ्याने आपल्या आवडीने निवडावयाची. आज्ञावली स्वतःच्या खिडकीचा आकार बदलू इच्छीत असेल तर ती व्यवस्थापकाकडे विनंती करते. व्यवस्थापक ती मान्य करील, अंशतः मान्य करील किंवा फेटाळील.

या विभागणीचे लाभ मोठे होते. एकाच सर्व्हरवर परस्परांहून अगदी भिन्न असे व्यवस्थापक नांदू लागले. परंतु सत्ता विभागली की तिच्या वाटेकऱ्यांत करार लागतो. आज्ञावली आणि व्यवस्थापक यांनी एकमेकांशी कसे वागावे याचा नियमसंग्रह १९८९ मध्ये तयार झाला. तो आयसीसीसीएम या आद्याक्षरांनी ओळखला जातो. खिडकीचे नाव, तिचा किमान आकार, ती बंद करण्याची सूचना या गोष्टी कोणत्या रूपात कळवावयाच्या हे त्यात ठरले. खिडकीचा मथळा कोणत्या लिपिसंकेतात द्यावयाचा हेही त्यातच ठरले, आणि मराठीच्या दृष्टीने तेथेच अडचणीचे बीज पडले. तिचा विचार पाचव्या भागात केला आहे.

३. बहुप्रणाली लायब्ररींचा उदय

१९९० च्या सुमारास आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे तीन घरांचे तीन कायदे होते. विंडोजवर पडद्याचा मूळबिंदू डावीकडे वर असतो. मॅकिंटॉशच्या पुढील कोको व्यवस्थेत तो डावीकडे खाली असतो आणि उंची वरच्या दिशेने मोजतात. विंडोजवर वापरणारा चौकट ओढू लागला की कार्यप्रणाली आपल्याच फेऱ्यात शिरते व आज्ञावलीचा नेहमीचा फेरा त्या वेळेपुरता थांबतो. मॅकवर खिडक्यांचे सर्व काम आज्ञावलीच्या मुख्य धाग्यातूनच व्हावे लागते. एक्सवर आकार बदलण्याची आज्ञा दिली आणि लगेच आकार विचारला तर उत्तर जुने येण्याचा संभव असतो, कारण विनंती अद्याप व्यवस्थापकाच्या विचाराधीन असते. असे भेद एकेक करून लहान वाटतात. पण त्या सर्वांचा मेळ घालणे हेच बहुप्रणाली लायब्ररीचे खरे कार्य होय.

या कार्यास दोन वाटांनी आरंभ झाला. पहिली वाट अशी, की प्रत्येक प्रणालीची स्वतःची बटणे, याद्या व चौकटी वापरावयाच्या आणि त्यांवर एक पातळ आवरण घालावयाचे. एडिनबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये आरंभलेली डब्ल्यूएक्स-विंडोज ही या वाटेची. तिच्या नावातील पहिली दोन अक्षरे विंडोज आणि एक्स या दोन प्रणालींचीच होत. २००४ मध्ये तिचे नाव डब्ल्यूएक्स-विजेट्स झाले. जावा भाषेबरोबर आलेली एडब्ल्यूटी ही लायब्ररीही याच वाटेने गेली. दुसरी वाट अशी, की प्रणालीकडून केवळ एक रिकामी खिडकी मागावयाची आणि तिच्या आतील सर्व काही स्वतः काढावयाचे. नॉर्वेत होवार्ड नूर्ड आणि आयरिक चांबे-एंग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली व मे १९९५ मध्ये सार्वजनिक झालेली क्यूटी ही लायब्ररी, तसेच 'गिम्प' या चित्रसंपादकासाठी बर्कली येथील विद्यार्थी स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनी मोटिफ या बंदिस्त संचाऐवजी रचलेली जीटीके ही लायब्ररी, या दुसऱ्या वाटेच्या प्रमुख प्रतिनिधी होत. पहिल्या वाटेने घरगुती रूप मिळते, पण सर्व घरांत जे समान असेल तेवढेच आश्वासन देता येते. दुसऱ्या वाटेने स्वातंत्र्य मिळते, पण अक्षरे उमटवण्यापासून सर्व भार स्वतः उचलावा लागतो. मराठीच्या इतिहासात हा दुसरा भारच निर्णायक ठरला.

यांखेरीज एक तिसरा, अधिक संकुचित वर्ग निर्माण झाला. बटणे व याद्या यांत न पडता केवळ खिडकी उघडणे, हलवणे, पूर्ण पडदा व्यापणे, कळफलक व उंदीर यांच्या वार्ता आणणे एवढेच काम अंगावर घेणाऱ्या या लायब्ररी. सॅम लँटिंगा यांची एसडीएल १९९८ मध्ये व मार्कस गिलनार्ड यांची जीएलएफडब्ल्यू २००२ मध्ये आली. दुसरीला २०१३ मधील तिसऱ्या मोठ्या आवृत्तीपर्यंत एका वेळी एकच खिडकी सांभाळता येत असे. एकीऐवजी अनेक खिडक्या म्हणताच मालकी, क्रम आणि लक्षकेंद्र यांचे सर्व प्रश्न लायब्ररीत येतात.

सत्तेची विभागणी लायब्ररीस किती जाचते याचे एक बोलके उदाहरण जावाच्या इतिहासात आहे. एक्सवरील बहुतेक व्यवस्थापक आज्ञावलीच्या खिडकीभोवती आपली चौकट घालून तिचे पालकत्व घेतात. काही मात्र तसे करीत नाहीत. चौकट आली की नाही हे ठरवण्यासाठी जावाच्या लायब्ररीने परिचित व्यवस्थापकांची एक यादीच आपल्या पोटात ठेवली. यादीबाहेरचा, चौकट न घालणारा व्यवस्थापक भेटला की तिचा अंदाज चुके आणि खिडकी नुसती करडी, रिकामी दिसे. यावर वापरणाऱ्यांनी काढलेला तोडगा असा, की आपल्या व्यवस्थापकाला 'एलजी-थ्रीडी' हे सन कंपनीच्या एका प्रायोगिक व्यवस्थापकाचे नाव लावावयाचे. नाव ओळखीचे दिसताच लायब्ररी नीट वागू लागे. करार अपुरा असला की लायब्ररीला तर्कावर विसंबावे लागते आणि वापरणाऱ्याला सोंगावर, हे यावरून दिसते.

४. देवनागरीचे चार मुक्काम

आता मराठी लिपीकडे वळावयाचे. देवनागरीत अक्षरांचा उच्चारक्रम आणि दृश्यक्रम एक नसतो. 'कि' मध्ये इकार उच्चारात मागून येतो, लेखनात पुढे बसतो. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे बदलतात. मराठीत आणखी एक विशेष असा, की 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्न शब्द आहेत. पहिल्यात रफार माथ्यावर जातो, दुसऱ्यात 'र' चे अर्धरूप डावीकडे राहते. साठवलेल्या संकेतांपासून उमटणाऱ्या आकृतींपर्यंतची ही वाट चालणारी एक यंत्रणा कोठेतरी असली पाहिजे. छापखान्यात हे काम खिळे जुळवणाऱ्याच्या डोळ्यांनी आणि बोटांनी होई. संगणकात ते कोठे व्हावे, या प्रश्नास महाराष्ट्रात एकामागून एक चार उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर यंत्राच्या पट्टीचे. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात झालेल्या कार्यातून 'जिस्ट' तंत्र उदयास आले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी ते तेथे वाढवले. संगणकात एक जिस्ट-कार्ड बसवले की डॉसवर चालणाऱ्या आज्ञावलींत भारतीय लिप्या दिसू लागत. भारतीय लिप्यांचा सामायिक संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाला, त्यामागे याच कार्याचा अनुभव होता. परंतु हे उत्तर ज्या पडद्यावर प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते त्या पडद्याचे होते. खिडक्यांच्या पडद्यावर सर्व काही चित्र म्हणून काढले जाऊ लागले आणि कार्डाचे महत्त्व ओसरले.

दुसरे उत्तर टंकाचे. रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीचे तुकडे बसवलेले टंक १९९० च्या दशकात सर्वत्र पसरले. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी हे त्यांतील सर्वपरिचित नाव. वृत्तपत्रे, छापखाने आणि कचेऱ्या यांनी या टंकांवर वर्षानुवर्षे काम केले, आणि त्या काळाची गरज त्यांनी भागवली यात संशय नाही. पण प्रत्येक टंकाचा संकेत निराळा असल्याने एका कचेरीतील मजकूर दुसरीत वाचता येत नसे. खिडकीच्या दृष्टीने त्यांचा दोष आणखी उघड होता. दस्तऐवजाच्या आत टंक निवडणे आज्ञावलीच्या हाती असे. माथ्यावरच्या पट्टीचा टंक मात्र प्रणाली ठरवी. परिणामी आत सुवाच्य मराठी आणि पट्टीवर रोमन चिन्हांची अर्थहीन रांग, असे दृश्य नित्याचे होते.

तिसरे उत्तर खिडकीप्रणालीचे, आणि ते मुंबईत दिले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्यातून १९८५ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, जुहू येथे, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला. त्यातील विचार तर्कदृष्ट्या फार आकर्षक होता. लिनक्सवरील प्रत्येक चित्रमय आज्ञावली शेवटी एक्समधूनच अक्षरे उमटवते. मग देवनागरीची जुळणी एक्सच्याच थरात का घालू नये? तसे केले की वरील आज्ञावली व लायब्ररी न बदलता सर्वांना लिपी मिळेल. केंद्राने त्याप्रमाणे ओपनटाइप टंकांचा आधार एक्सच्या पातळीवर आणून दाखवला. याच केंद्रात सुलेखनकार व टंकरचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी हेही कार्यरत होते. विंडोज २००० बरोबर आलेला व पुढे कचेऱ्याकचेऱ्यांत परिचित झालेला 'मंगल' हा टंक त्यांच्याच हातचा.

चौथे उत्तर लायब्ररीचे. मायक्रोसॉफ्टने जुळणीचे काम 'युनिस्क्राइब' या स्वतंत्र घटकाकडे सोपवले. विंडोज २००० पासून त्यात देवनागरी होती. मुक्त आज्ञावलींच्या जगात ओवेन टेलर व राफ लेव्हियन यांच्या प्रयत्नांतून 'पँगो' ही लायब्ररी उभी राहिली आणि मार्च २००२ मधील जीटीकेच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीचा ती आधार बनली. क्यूटीने आपली जुळणी स्वतः रचली. एकच काम दोन ठिकाणी होत असल्याचे ध्यानात आल्यावर दोहोंच्या कर्त्यांनी 'हार्फबझ' ही सामायिक लायब्ररी विकसित केली. बेहदाद एस्फहबोद यांनी ती नव्याने लिहिली व २०१५ मध्ये तिची १.० ही आवृत्ती निघाली. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत आज मराठी अक्षरांची जुळणी तीच करते. पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयाशी निगडित 'लोहित' टंक आणि स्वयंसेवकांनी केलेली मराठी भाषांतरे यांचा उपयोग झाला तो हा आधार तयार झाल्यामुळेच.

तिसरे उत्तर मागे का पडले आणि चौथे का टिकले? इंडिक्सची तांत्रिक सिद्धी कमी प्रतीची होती असे म्हणता येत नाही. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. नव्या लायब्ररींनी सर्व्हरकडून अक्षरे काढून घेणे सोडून दिले. त्या आकृती स्वतः सिद्ध करून तयार चित्र सर्व्हरकडे पाठवू लागल्या. बहुप्रणाली लायब्ररीस हे करणे भागच होते, कारण तिला विंडोज व मॅक यांवरही तेच अक्षर तसेच उमटवावयाचे होते, आणि तेथे एक्स नव्हते. जे केवळ एका प्रणालीत आहे त्यावर विसंबणे तिला परवडत नाही. एक्सच्या कर्त्यांनी धोरण सर्व्हरबाहेर ठेवले होते. लिपी ही एका अर्थाने धोरणाच्याच बाजूची ठरली. मराठीत 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी असतात. कोणता मजकूर मराठी व कोणता हिंदी हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नसतो. ते आज्ञावलीस ठाऊक असते आणि लायब्ररी ती माहिती टंकापर्यंत नेऊ शकते. म्हणजे लायब्ररी हेच लिपीचे योग्य स्थान होते.

५. मथळ्याची परीक्षा

युनिकोड आल्यावर प्रश्न संपला, असे अनेकदा म्हटले जाते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरीही त्यानंतर दशकभर मराठी मथळा पट्टीवर उमटत नव्हता. संकेत आवश्यक होता, पुरेसा नव्हता. मथळा हे असे एकमेव स्थळ आहे की जेथे आज्ञावली, लायब्ररी, व्यवस्थापक आणि लिपी या चौघांची गाठ पडते. आज्ञावली मजकूर देते, लायब्ररी तो प्रणालीच्या संकेतात बदलते, व्यवस्थापक तो वाचून पट्टीवर काढतो. यांपैकी एक दुवा जरी निखळला तरी वाचकापुढे प्रश्नचिन्हांची रांग येते.

एक्सवर १९८९ च्या नियमसंग्रहाने मथळ्यासाठी पश्चिम युरोपीय लॅटिन संकेत किंवा काही ठरावीक लिपिसंकेतांचे एक संयुक्त रूप एवढेच मान्य केले होते. त्या प्रमाणित रूपात देवनागरीस स्थान नव्हते. म्हणजे पडदा, टंक आणि जुळणी सर्व सिद्ध असूनही आज्ञावलीला आपले मराठी नाव व्यवस्थापकापर्यंत पोहोचवण्याचा अधिकृत मार्गच नव्हता. १९९६ मध्ये केडीई व १९९७ मध्ये ग्नोम हे दोन मोठे प्रकल्प सुरू झाले. त्यांच्यात समान नियम व्हावेत म्हणून २००० मध्ये हॅवोक पेनिंग्टन यांनी आरंभलेल्या मंचावर जुन्या नियमसंग्रहास जोड देण्यात आली. तीत मथळ्यासाठी यूटीएफ-८ संकेतातील एक नवे स्थान निर्माण झाले. तेव्हापासून एक्सवर मराठी मथळा शक्य झाला. जुने स्थानही कायम राहिल्याने लायब्ररीने दोन्ही भरावयाची, नव्या व्यवस्थापकाने नवे पाहावयाचे व जुन्याने जुने, अशी दुहेरी नोंद रूढ झाली.

विंडोजवरील अडचण निराळ्या प्रकारची होती. तेथे मथळा देणाऱ्या आज्ञेची दोन रूपे आहेत : एक स्थानिक संकेतपृष्ठावर चालणारे जुने, दुसरे युनिकोडवर चालणारे नवे. ग्रीक, रशियन, अरबी अशा भाषांना जुन्या रूपातही संकेतपृष्ठे मिळाली होती. देवनागरीस ते कधीच मिळाले नाही. त्यामुळे रशियन वापरणाऱ्यास आपल्या देशापुरती तरी चालणारी आज्ञावली मराठी वापरणाऱ्याकडे मुळीच चालत नसे. डब्ल्यूएक्स-विजेट्सच्या जुन्या आवृत्त्या दोन्ही रूपांत स्वतंत्रपणे बांधाव्या लागत. बांधणाऱ्याने जुने रूप निवडले की देवनागरीचा मार्ग बंद होई. क्यूटीने १९९९ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून आपली मजकूर-रचना युनिकोडवर नेली होती. जीएलएफडब्ल्यूमध्ये २०१३ च्या तिसऱ्या मोठ्या आवृत्तीने सर्वत्र यूटीएफ-८ स्वीकारले. या तारखांचा क्रम पाहिला म्हणजे मराठी मथळ्याचा इतिहास कार्यप्रणालींच्या जाहिरातींत सापडत नाही, तो लायब्ररींच्या आवृत्तिपत्रकांत सापडतो, हे स्पष्ट होते.

६. नवी विभागणी

एक्समधील सत्ताविभागणीस दोन दशके उलटली तेव्हा तिचे दोषही प्रकट झाले होते. कोणतीही आज्ञावली दुसरीच्या खिडक्या मोजू शके, हलवू शके, तिच्याकडे जाणाऱ्या कळा ऐकू शके. २००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी आरंभलेल्या आणि २०१२ मध्ये १.० आवृत्तीस पोहोचलेल्या 'वेलंड' या नव्या संकेताने सर्व्हर आणि व्यवस्थापक पुन्हा एकत्र केले. आज्ञावलीला पडद्यावरील स्वतःचे स्थान विचारता येत नाही व ठरवताही येत नाही; दुसऱ्यांच्या खिडक्यांचा तर तिला पत्ताच नसतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे इष्ट आहे. पण बहुप्रणाली लायब्ररीपुढे पेच उभा राहतो. विंडोज, मॅक व एक्स यांवर 'खिडकी अमुक जागी ने' ही आज्ञा अर्थपूर्ण आहे. वेलंडवर ती नाही. जीएलएफडब्ल्यूने अशा वेळी ही सोय उपलब्ध नसल्याची त्रुटी स्पष्टपणे कळवण्याचा मार्ग पत्करला. खोटे उत्तर देण्यापेक्षा नकार देणे बरे, हा विचार त्यामागे दिसतो. लायब्ररीचे आश्वासन सर्वांत कमी देणाऱ्या प्रणालीइतकेच असते, या जुन्या नियमाचा हा नवा दाखला होय.

मथळ्याच्या बाबतीत बदल याहून मोठा आहे. वेलंडच्या मूळ संकेतात खिडकीची चौकट काढण्याचे बंधन प्रणालीवर नाही. काही व्यवस्था ती काढतात; ग्नोम काढत नाही व ते काम आज्ञावलीवरच सोपवते. म्हणजे पट्टी आखण्याचे व तीवर अक्षरे उमटवण्याचे काम पुन्हा लायब्ररीकडे आले. जीटीके व क्यूटी यांच्याजवळ जुळणीची यंत्रणा पूर्वीपासून होती, त्यांना अडचण आली नाही. केवळ खिडकी उघडणाऱ्या लहान लायब्ररींजवळ मात्र अक्षरे काढण्याचे कोणतेच साधन नव्हते. आरंभी जीएलएफडब्ल्यू अशा ठिकाणी मथळ्याविना नुसत्या कडा काढी. २०२४ मधील ३.४ आवृत्तीत तिने 'लिबडेकोर' या चौकटी काढणाऱ्या स्वतंत्र लायब्ररीचा आधार घेतला, जी आपली अक्षरे पँगोकडून घेऊ शकते. ज्या लायब्ररीने या कामी केवळ रोमन अक्षरे ओळीत मांडणारा साधा अक्षरकार जवळ केला, तिच्या पट्टीवर इकार चुकीच्या बाजूस बसेल आणि जोडाक्षरे हलन्तांसह फुटलेली दिसतील. वीस वर्षांपूर्वी सुटलेला म्हणून बाजूस ठेवलेला प्रश्न याप्रमाणे नव्या रचनेत पुन्हा दारात उभा राहतो.

७. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी, की खिडकी-व्यवस्थापनातील सत्तेची प्रत्येक विभागणी एका नव्या करारास जन्म देते, आणि करार करताना जी भाषा मेजाशी हजर नसते तिची सोय त्यात राहत नाही. १९८९ च्या नियमसंग्रहात देवनागरी नव्हती ती कोणाच्या द्वेषाने नव्हे. ती मांडणारा कोणी तेथे नव्हता एवढेच. दुसरी अशी, की पुणे व मुंबई येथील संस्थांनी केलेले मूलभूत कार्य, मग ते जिस्टचे असो की इंडिक्सचे, ज्या थरात केले गेले त्या थराच्या आयुष्याइतकेच टिकले. संकेत आणि टंक यांच्या रूपाने जे सामायिक थरात उतरले ते मात्र उरले. भारतीय लिपिसंकेताची मांडणी युनिकोडमध्ये गेली. जोशी यांच्या हातचा टंक कचेऱ्यांत राहिला. तिसरी अशी, की सामायिक लायब्ररीस कोणी एक मालक नसल्याने तिची राखण ही सवयीची, सततची गोष्ट असावी लागते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकविभागांत लायब्ररी वापरणे शिकवले जाते. ती रचणे आणि तिच्या करारांत भाग घेणे हे क्वचितच अभ्यासाचा विषय होते. वास्तविक या क्षेत्रात प्रवेशाचे शुल्क फार नाही. या लायब्ररींपैकी बहुतेकींचा मूळ मजकूर खुला आहे, त्यांतील वादविवाद लेखी नोंदलेले आहेत. मथळ्यात 'दऱ्या' हा एक शब्द घालून प्रत्येक प्रणालीवर तो कसा उमटतो हे पाहणे, ही परीक्षा कोणाही विद्यार्थ्यास एका दुपारी करता येण्यासारखी आहे. कल्याणच्या कचेरीतील लिपिकाला खिडकीच्या माथ्यावर नागरिकाचे नाव अचूक वाचता येते की नाही, याचा निर्णय अशा परीक्षा कोणी केल्या व त्यांचे निष्कर्ष योग्य ठिकाणी कोणी कळवले, यावर अवलंबून राहिला आहे.